घरचं माणूस

वास्तुशांतीला आलेली माणसं ऊन कलायच्या आतच पांगली. बेंगळुरातल्या राजाजीनगरला अजून बसची धड सोय नव्हती, आणि चिकपेठेकडं परतणाऱ्यांना उजेड असताना घर गाठायचं होतं. पद्मावतीनं उरलेल्या चित्रान्नाचं पातेलं झाकलं, हात धुतले आणि मागच्या दाराशी बसलेल्या नणंदेकडं पाहिलं.

अहल्या सकाळपासून तिथंच बसून होती. पंगती उठल्या, बसल्या, पण तिनं कुणाच्या पानात पायस वाढलं नव्हतं की पुरणाची होळगी. भावाच्या नव्या घराचं कार्य, आणि सख्खी बहीण पाहुणीसारखी बसून राहते, हे दोनतीन बायकांनी एकमेकींत बोलून घेतलं होतं. पद्मावतीच्या कानांवर ते आलं होतं. अहल्येचा उजवा हात पदराखाली होता. तो तसा का होता, हे त्या घरात अहल्येखालोखाल ठाऊक असेल तर पद्मावतीलाच.

उन्हाळ्यात अहल्या जुन्या घरी आली होती ती त्या हाताला फडकं गुंडाळून. दोन बोटं काळीनिळी झाली होती. दारात सापडली, म्हणाली. पद्मावतीनं हळद गरम करून लावली आणि पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

“जेवलीस का?” तिनं आता विचारलं.

“जेवले की वहिनी.”

“तुझी नीला कुठं आहे?”

“पुढच्या खोलीत झोपलीय.”

एवढ्यात बाहेरून पद्मावतीच्या यजमानांनी, नरसिंहरावांनी, हाक मारली. दोघींनाही बोलावलं होतं. हे बोलणं आज होणार हे पद्मावतीला कालच कळलं होतं.

दिवाणखान्यात नवी सतरंजी अंथरली होती. नरसिंहराव भिंतीला टेकून बसले होते. महसूल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या लोकांच्या साहाय्य निधीचं काम अंगावर घेतलं होतं. ज्या घरात पुरुषाची मिळकत थांबली आहे, त्या घराला निधी दरमहा मदत देई; मात्र घरातली बाई शिकलेली असेल तर तिनं काम शोधायचं, अशी अट होती. अट नरसिंहरावांनीच सुचवली होती. मदत घेणाऱ्यांना मिंधेपणा वाटू नये, म्हणून. तेव्हा आपल्याच बहिणीचं घर त्या यादीत येईल, हे त्यांच्या मनातही नव्हतं.

त्यांच्या उजव्या बाजूला अहल्येचे यजमान, घरचे जावई गुंडोराव बसले होते. गिरणीच्या कचेरीतली नोकरी साहेबाशी भांडून सोडल्यापासून ते घरीच होते. माणूस देखणा, गोड गळ्याचा. आज पूजेच्या वेळी त्यांनी दासांची भक्तिपदं म्हटली तेव्हा शेजारची कन्नड मंडळीसुद्धा दारात येऊन उभी राहिली होती. व्यसन कसलं नाही. जावई म्हणून नरसिंहरावांना त्यांचा अभिमानच वाटत आला होता.

समोर सुधींद्र, नरसिंहरावांचा धाकटा भाऊ. सुरुवात त्यानंच केली.

“अक्का, अण्णांना निधीच्या लोकांनी काल काय ऐकवलं ते तुला ठाऊक आहे का? म्हणाले, तुमच्या बहिणीला काम नको आहे, मदत हवी आहे.”

अहल्या उंबऱ्याजवळ बसली.

सुधींद्रनं मग सगळं मांडलं. टायपिंगची परीक्षा पास झालेली बाई, म्हणून सहकारी बँकेत शब्द टाकला होता. चाचणीच्या दिवशी ती गेलीच नाही. मग मल्लेश्वरमच्या बालवाडीत लावून दिलं. महिनाभरात हेडबाईंनी नको म्हणून सांगितलं. मग शिवाजीनगरात शिवणकामाचा कारखाना. तिथं तर पहिल्याच दिवशी पत्ता नाही. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला. त्यानं ज्यांच्याकडं शब्द टाकला होता, ते आता त्याला टाळत होते.

“आता येलहंकेचं आहे,” तो म्हणाला. “बायकांना शिवण-विणकाम शिकवणारं केंद्र आहे. टायपिंग आणि हिशेब बघायला बाई हवी, राहायला खोली देतात. उद्या जायचं आहे. तेही नको असेल तर आज सांग. माझी मान तरी खाली जायची नाही.”

गुंडोराव हसले. “मी कधी नको म्हटलं नाही, अण्णा. हिलाच घर सोडवत नाही. मी म्हणतो, नसेल होत तर राहू दे. कुणावर जुलूम का करायचा?”

त्यांचं बोलणं इतकं सरळ होतं की नरसिंहरावांना बरं वाटलं. ते अहल्येकडं वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, “बघ, गुंडोरावांची ना नाही. मग अडचण कसली? मला समितीपुढं काहीतरी सांगावं लागेल.”

अहल्येनं हात पदरातून काढून मांडीवर ठेवला. दोन बोटांची नखं वाकडी उगवली होती आणि मधलं बोट मिटत नव्हतं.

“बोटं दारात नाही सापडली,” ती म्हणाली. “बँकेत जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी मला ट्रंकेतून पातळ काढायला सांगितलं. हात आत असताना झाकण पाडलं, आणि वर बसले.”

सुधींद्रनं पुढं वाकून ती बोटं पाहिली.

ती पुढं बोलत राहिली. आवाज चढला नाही, कापलाही नाही. बालवाडीच्या फाटकावर हे रोज येऊन उभे राहत. मुलांना घ्यायला येणाऱ्या बापांपैकी कोण तिच्याशी बोललं याची चौकशी हेडबाईंकडं करत. चार पालकांनी तक्रार केली. शिवाजीनगरला जायच्या दिवशी यांनी बाहेरून कुलूप घातलं आणि दिवसभर मठात जाऊन बसले. नीला शाळेतून येऊन पायरीवर बसली होती.

“मारतात ते पाठीवर,” ती म्हणाली. “दिसत नाही तिथं. निधीची मदत यांच्या हातात येते. पगार माझ्या हातात आला असता. एवढंच आहे, अण्णा.”

नरसिंहराव खाली बघत होते. आपण आता जावयाला काही विचारलं पाहिजे, हे त्यांना कळत होतं. तोंडात शब्दही आले होते. पण समोर ज्याचे पाय धुऊन त्याला लग्नात मान दिला, सकाळी ज्याला पूजेला शेजारी बसवून घेतलं, तो माणूस होता. त्याला विचारायचं म्हणजे या घराच्या पहिल्याच दिवशी काहीतरी मोडायचं. आणि त्यांनी जे मोडायला सोपं होतं ते मोडलं.

“आजच सांगायचं होतं का हे?” ते बहिणीला म्हणाले. “नव्या घरात, पहिल्या दिवशी?”

अहल्येनं त्यांच्याकडं पाहिलं. वडील गेल्यावर या भावानं तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं होतं. तिला वाटत आलं होतं, एकदा अण्णांना कळलं की संपलं. इतकी वर्षं ती कळू देत नव्हती ती त्याच आधारावर. आता त्यांना कळलं होतं.

“चुकलं,” ती म्हणाली आणि उठून आत गेली.

गुंडोरावांनी उपरणं झटकलं. नवराबायकोत थोडंफार होतं, बायका वाढवून सांगतात, असं काहीसं म्हणून ते निघायची तयारी करू लागले. त्यांनी अहल्येला हाक मारली. पद्मावती स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी होती.

“तिला आज राहू द्या,” ती म्हणाली. “पोर झोपलीय. घर मडीनं, सोवळ्यात आवरायचंय, मला हात हवेत.”

जावयाशी ती कधी एवढंही बोलली नव्हती. गुंडोरावांनी नरसिंहरावांकडं पाहिलं, त्यांनी नजर वर केली नाही, तेव्हा सुधींद्र जावयाला पोचवायला म्हणून बाहेर पडला.

रस्ता अजून कच्चा होता. दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेली घरं. सुधींद्रच्या डोक्यात आग होती. या माणसाला इथंच, या खडीवर आडवा करावा, असं त्याला वाटत होतं. कित्येक महिने तो बहिणीला आळशी म्हणत होता, बायकोजवळ, मित्रांजवळ. ते सगळं त्याला आता एकेक करून आठवत होतं.

“पुन्हा तिच्या अंगाला हात लावलात तर बघा,” तो अखेर म्हणाला.

गुंडोराव थांबले. शांतपणे म्हणाले, “सुधींद्र, उद्या तू तिला येलहंकेला ने. मी नाही अडवणार. पण नीला माझी मुलगी आहे. तिला मी हुबळीला माझ्या बहिणीकडं ठेवीन. मग तुझ्या अक्कानं सुखानं टायपिंग करावं. कायदा कुणाच्या बाजूनं आहे ते वकिलाला विचार जा.”

गुंडोराव पुढं निघून गेले. सुधींद्र मागं फिरला, आणि घरी परतला तेव्हा त्याची आग विझली होती. त्यानं भावाला आणि वहिनीला ते सांगितलं. वर म्हणाला, उद्याचं जरा पुढं ढकलू. आधी वकिलाला भेटू. स्वल्प थांबायला काय हरकत आहे?

आत अहल्या भांडी पुसत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

सकाळी अहल्या निघायच्या तयारीत होती; प्रश्न आला तो सोबत कोण जाणार याचा. केंद्राच्या बाईंनी निरोप पाठवला होता की उमेदवारासोबत घरचं एखादं वडीलधारं माणूस यावं, आमची संमती आहे असं समक्ष सांगावं. मागून येऊन तमाशा नको. नरसिंहराव पूजा आटोपून बाहेर आले ते नेहमीचा कोट न घालताच. त्यांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, की मी गेलो म्हणजे गुंडोरावांविरुद्ध उभा राहिलो असं होईल. आज ना उद्या समितीत निघेल. लोक विचारतील, एवढं होईपर्यंत तुम्ही काय करत होता. सुधींद्र तर भल्या सकाळीच कचेरीचं निमित्त करून गेला होता.

पद्मावतीनं ऐकून घेतलं. “सरी, बरं,” म्हणाली. मग आत जाऊन तिनं लुगडं बदललं आणि पायांत चपला घातल्या.

तिचं वय पन्नाशीचं. बेंगळुरात जन्म गेला, पण एकटीनं ती कधी बसमध्ये चढली नव्हती. मॅजेस्टिकला बस बदलताना तिनं अहल्येचा दंड घट्ट धरला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, धाकटीच थोरलीला घेऊन निघाली आहे. हेब्बाळच्या तळ्याजवळ पद्मावती म्हणाली, “उन्हाळ्यात तू आलीस, तेव्हा मी विचारायला हवं होतं.”

अहल्येनं खिडकीबाहेर बघतच मान हलवली. हो की नाही, ते पद्मावतीला कळलं नाही.

केंद्र गावाच्या टोकाला होतं. विमानतळाच्या बाजूनं मोकळं माळरान, आणि मध्ये कौलारू इमारत. मुख्य बाई अंबूबाई निपाणीकडच्या, रुंद चेहऱ्याच्या, बोलायला करड्या. त्यांनी अहल्येला एक पत्र टाइप करायला बसवलं. मधलं बोट वापरता येत नव्हतं, म्हणून ती शेजारच्या बोटानं अक्षरं गाठत होती. काम हळू होत होतं, पण चूक होत नव्हती. अंबूबाईंनी ते बघितलं, बोटाकडंही बघितलं.

“घरचं कोण आलंय?”

“मी आलेय,” पद्मावती म्हणाली. “हिची थोरली वहिनी.”

“पुरुष माणूस नाही घरात?”

“आहेत. दोन आहेत. आलेय मी.”

अंबूबाईंनी चष्मा काढला. “हिचा नवरा इथं येईल का भांडायला? खरं सांगा. आधीची बाई त्याच पायी गेली.”

नाही म्हणणं सोपं होतं. नोकरीही पटकन पक्की झाली असती. पद्मावतीनं अहल्येकडं पाहिलं.

“येईल,” ती म्हणाली.

अंबूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, फाटकावर पिराजी असतो, तो कुणाला आत सोडायचा नाही. “पण बाई, तुम्ही होऊन फाटकापर्यंत गेलात, तर मग मी काही करू शकणार नाही. ते तुमचं तुम्हाला. आणि मूल इथं ठेवता येत नाही. नियम आहे.”

नीला आज मामाजवळ घरी राहिली होती; पुढं तिचं काय, हे दोघींनी बसमध्ये ठरवलंच नव्हतं. आता पद्मावतीनंच ठरवलं. पोर माझ्याकडं राहील, म्हणाली. आणि दुपारच्या बसनं ती एकटी परत गेली.

खोली लहान होती. एक खाट, एक खिडकी, भिंतीला खुंट्या. अहल्येनं दोन पातळं खुंटीला टांगली आणि करण्यासारखं काही उरलं नाही. संध्याकाळी शिकायला येणाऱ्या बायका आपापल्या गावी गेल्या. तिनं स्टोव्हवर भात टाकला, आणि तो शिजेपर्यंत तिच्या लक्षात आलं की आपण अंग आवळून बसलो आहोत. घरी या वेळी ती चपलांचा आवाज ऐकत असे. कसा वाजतो त्यावरून रात्र कशी जाणार हे कळे. इथं कुणी येणार नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटेना. भात पानात घेतला आणि पहिल्या घासाला नीलाच्या केसांचा वास आठवला. मग तिनं ताट बाजूला सारलं.

आठवड्याच्या मध्यावर पिराजी कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. फाटकावर तुमचे यजमान आलेत, म्हणाला. ओरडत नाहीत, नीट बोलतात. मुलीला ताप भरलाय, डोळे उघडत नाही, आईला हाका मारतेय, एवढं सांगा म्हणाले.

अहल्येची बोटं यंत्रावर थांबली. उठून फाटकापर्यंत जायला कितीसा वेळ लागणार होता. ताप खरा असेल तर? वहिनीनं कळवलं असतं. पण वहिनी कुणाकरवी कळवणार? अण्णा येतील? सुधींद्र? ती एकेकाचं नाव मनात घेत गेली, आणि निरोप घेऊन नक्की येईल असं एकही माणूस तिला सापडलं नाही. पोर खरंच तापली असली, तरी ते सांगायला गुंडोरावांशिवाय दुसरं कुणी येणार नाही, असं आपलं माहेर आहे, हे तिला त्या टेबलापाशी कळलं.

अंबूबाई पलीकडून बघत होत्या.

“सांगा त्यांना,” अहल्या पिराजीला म्हणाली, “काम चाललंय.”

तिनं पुढची ओळ टाइप केली. काय टाइप करतो आहोत ते तिला दिसत नव्हतं. फाटकाबाहेरून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग गुंडोरावांचा आवाज आला, कुणाशी तरी हसून बोलल्यासारखा, आणि दूर गेला. रविवारपर्यंत तिला धड झोप लागली नाही.

रविवारी पद्मावती नीलाला घेऊन आली. नीला बसमधून उडी मारूनच उतरली. अहल्येनं तिचं कपाळ, मान, पोट हातानं चाचपलं.

“ताप होता तुला?”

“नाही,” नीला म्हणाली. “थोरल्या मामानं मला पाटी आणली.”

पद्मावतीनं मग खोलीत बसून सगळं सांगितलं. मंगळवारी गुंडोराव मुलीला न्यायला आले होते. सोबत हुबळीची बहीण होती. नरसिंहराव पुढच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. जावई आले तरी उठले नाहीत. या म्हणाले नाहीत, बसा म्हणाले नाहीत. पायरीवरून सरकलेही नाहीत. गुंडोराव उभे राहिले, बोलले, वकिलाचं नाव काढलं. हे पेपर धरून बसलेले. अखेर ती दोघं गेली.

“काहीच बोलले नाहीत?”

“काही नाही. मग दिवसभर जेवले नाहीत.” पद्मावती थांबली. “समितीत खरं सांगणं मात्र त्यांना जमलं नाही, अहल्या. तुझी मदत बंद झाली. लोकांनी अभिनंदन केलं म्हणे, बहीण अखेर कामाला लागली म्हणून. हे गप्प बसून आले.”

“पुन्हा येतील न्यायला,” अहल्या म्हणाली.

“येतील. उद्या कोर्टातून माणूस घेऊनही येतील. तेव्हा काय होईल ते मला नाही ठाऊक.”

नीला तोवर खोलीभर हिंडली होती. खाटेखाली डोकावून झालं, खिडकीतून माळ बघून झाला.

“आई, इथं कोण कोण राहतं?”

“मी.”

“आणि?”

“मीच.”

नीलानं पुन्हा एकदा सगळीकडं पाहिलं. एक ताट, एक तांब्या, एक उशी. मग ती खाटेवर चढली आणि भिंतीला टेकून, पाय पसरून बसली, हलायचंच नाही अशी.

चारच्या बसला तिला उचलूनच न्यावं लागलं. तिनं रडून घेतलं, पद्मावतीच्या खांद्यावर डोकं घासलं, आणि बस सुटताना खिडकीतून बघायचं नाही असं ठरवून ती दुसरीकडं बघत राहिली. पद्मावतीनं तिचा हात धरून हलवला. अहल्येनंही हात हलवला. धूळ बसेपर्यंत ती तिथं उभी होती.

फाटकाशी पिराजी बाकावर बसला होता. त्यानं विचारलं, “पुढल्या रविवारी येणार ना पोर?”

“बघू,” अहल्या म्हणाली, आणि आत गेली. सकाळी लवकर उठायचं होतं. केंद्राची पत्रं तुंबली होती.